अण्णा तेव्हा भानावर नव्हते

माझ्या वडिलांनी एका रात्री मला 'आबा' अशी हाक मारली. आबा म्हणजे त्यांचे वडील. ते २००२ सालीच गेले होते.

ही एप्रिल २०२१ मधली गोष्ट आहे. कोविडची दुसरी लाट. शिरूरमध्ये ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही, म्हणून अण्णांना गाडीत मागच्या सीटवर आडवं करून आम्ही नगर रोडनं पुण्याकडं निघालो आणि वाटेतला एकेक दवाखाना विचारत गेलो. जिथं बेड मिळाला तिथं रात्रीला एका नर्सकडं अख्खा वॉर्ड होता. नियम काहीही असोत, प्रत्येक पेशंटपाशी घरचं एक माणूस थांबायचंच, कारण पाणी पाजायला आणि भांडं द्यायला दुसरं कुणी नव्हतं. आमच्याकडून मी थांबलो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला दीड वर्ष झालं होतं, आणि माणसाच्या शरीरातलं मला ऑक्सिमीटरवरच्या दोन आकड्यांपलीकडं काही कळत नव्हतं.

चार दिवस अण्णा नीट होते. दमलेले, पण नीट. कांद्याचा भाव विचारायचे. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गुऱ्हाळ कुणी लावलंय?" शेजारच्या बेडवरच्या बायपॅप मशीनची घरघर चालू होती. केडगावच्या बाजूला आत्याच्या वस्तीजवळ एक गुऱ्हाळ आहे, लहानपणी आम्ही तिथं काकवी प्यायला जायचो. मला गंमत वाटली. मी मोबाइलवर बहिणीला मेसेजही केला, 'अण्णा गुऱ्हाळावर पोचले'. रात्री अकरानंतर गंमत संपली. ते मास्क ओढायला लागले. पीपीई किट घातलेल्या नर्सताईंना ते फवारणीवाला समजले आणि "माझ्या उसावर काय मारतो रे" म्हणून त्यांनी अशा शिव्या दिल्या, की ज्या त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

त्या रात्री ते बरंच बोलले. त्यातल्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या. पहिली, "मला घरी न्या, हितं मारत्यात." दुसरी, "तात्यानं चहात इख घातलं." तात्या म्हणजे माझे चुलते, त्यांचे धाकटे भाऊ. तिसरी गोष्ट त्यांनी मला आबा समजून सांगितली. आवाज एकदम खाली आला होता, शाळेतलं पोरगं बोलतं तसा. "आबा, ताईची सही म्या घेतली. तिला वाचून न्हाई दाखवलं. हिरीकडलं रान तिचं हाय. तिला द्या."

ताई म्हणजे माझी आत्या.

सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी घाबरून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डेलिरियम आहे. ते जे बोलतायत ते मनावर घेऊ नका." मी त्यांचं ऐकलं आणि मनावर घेतलं नाही. जवळजवळ चार वर्षं.

०००

आपल्याकडं या अवस्थेला जुना शब्द आहे, वात. 'तापात वात झाला', 'वातात बरळतोय' असं आजी-आजोबा म्हणायचे. इंग्रजीतल्या 'डेलिरियम' शब्दाचं मूळ मला नंतर कळलं तेव्हा मी जरा वेळ तिथंच थांबलो. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगरटीतला तास. तास सोडून औत भलतीकडं गेलं की ते डेलिरियम. आयुष्यभर सरळ तास धरणाऱ्या माणसाच्या आजाराला डॉक्टरांनी दिलेलं नाव शेतातलंच होतं.

कोविड हा फुप्फुसांचा आजार असं आपण २०२० मध्ये शिकलो. पण तेव्हाच, अगदी सुरुवातीला, वुहानमधल्या दवाखान्यांत दाखल झालेल्या २१४ रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या आणि त्यातल्या ३६ टक्क्यांहून जास्त लोकांना मेंदू, नसा किंवा स्नायूंचा काही ना काही त्रास झालेला दिसला. कुणाला नुसती चक्कर आणि डोकेदुखी, कुणाचा वास आणि चव गेलेली, कुणाची शुद्ध हरपलेली, कुणाला पक्षाघात. पुढं १४ देशांतल्या अतिदक्षता विभागांतल्या २,०८८ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात जवळपास ५५ टक्के लोक कधी ना कधी भ्रमात गेले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक. अण्णा अपवाद नव्हते, ते बहुसंख्येत होते.

विषाणू थेट मेंदूत शिरून हे सगळं करतो, असं मला आधी वाटायचं. क्वचित तसं होतही असेल, पण बहुतेक वेळा गोष्ट आडवळणाची असते. रक्तातला ऑक्सिजन घसरतो. शरीर विषाणूशी लढायला जी रसायनं सोडतं, तीच मेंदूचा कारभार बिघडवतात. रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात. त्यात ताप, साखरेची चढ-उतार, स्टेरॉइड्स, झोपेची इंजेक्शनं. आणि वॉर्डातले ते ट्यूबलाइट, जे रात्रभर बंद होत नाहीत. दिवस कुठला, रात्र कुठली हे कळेनासं झालं की मेंदूकडं जुळवाजुळव करायला जे सामान हाताशी असतं, त्यातनं तो एक जग उभं करतो. मशीनचं गुऱ्हाळ होतं. नर्सचा फवारणीवाला होतो. मुलाचा आजोबा होतो.

हे कोविडनं नव्यानं आणलेलं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, जिनं मुंबई इलाक्यात दहा लाखांच्या वर माणसं नेली, त्या सुमारास जगभर एक विचित्र झोपेचा आजारही पसरला होता. व्हिएन्नातल्या फॉन इकोनोमो नावाच्या डॉक्टरनं १९१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या आजाराचा आणि इन्फ्लुएन्झाचा संबंध आजपर्यंत सिद्ध झालेला नाही, पण त्यातून वाचलेले काही जण पुढं कित्येक वर्षं पुतळ्यासारखे बसून राहिले. ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टरनं अशा रुग्णांवर 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक लिहिलं, त्यावर सिनेमाही आहे. बघितला नसेल तर बघा.

त्या २,०८८ रुग्णांच्या अभ्यासातला दुसरा एक निष्कर्ष मला जास्त लागला. ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, मग ती प्रत्यक्ष असो की व्हिडिओ कॉलवर, त्यांच्यात भ्रमाचं प्रमाण कमी होतं. आणि बेन्झोडायझेपीन गटातली झोपेची औषधं सलाइनमधून ज्यांना दिली, त्यांच्यात ते जास्त होतं. साथीच्या काळात जगभर नेमकं उलटं झालं. घरची माणसं बाहेर आणि औषधं आत. दोष कुणाचा ते ठरवण्यात अर्थ नाही. दहा पेशंटमागं एक नर्स असेल तर ती आणखी काय करणार?

अण्णांचे हात दुसऱ्या रात्री बेडच्या कडेला बँडेजच्या पट्टीनं बांधले. मास्क काढला की ऑक्सिजन सत्तरवर यायचा. नर्सताईंनी एक हात बांधला आणि मला म्हणाल्या, "तो दुसरा तुम्ही धरा." मी धरला आणि गाठही मीच मारली. अण्णा माझ्याकडं बघत होते. "आबा, सोडा ना," म्हणाले.

ही गाठ मारण्याबद्दल मला आज पश्चात्ताप नाही. ती मारली नसती तर कदाचित हे लिहायचीच वेळ आली नसती. 'मला घरी न्या' हे त्यांचं म्हणणं मी मोडलं, ते योग्यच होतं. माणूस भानावर नसताना स्वतःच्या जिवावर उठला तर त्याचं ऐकायचं नाही, एवढं नीतिशास्त्र आमच्या वाडीवरच्या कुठल्याही माणसाला विचारलं तरी तो सांगेल. माझी अडचण तिसऱ्या वाक्यापाशी आहे.

०००

अण्णा एकवीस दिवसांनी घरी आले. त्यांना त्या चार-पाच रात्रींतलं काहीही आठवत नव्हतं. महिन्याभरानं, पडवीत बसलेले असताना, त्यांनी मला विचारलं, "मी तिथं काय बोललो-बिललो का रं?"

मी म्हणालो, "काही नाही अण्णा. वात झाला होता. बरळत होतात."

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की त्याचं मलाच नवल वाटलं नाही. आई तिथंच लसूण सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही. तिला मी तिसरी गोष्ट सांगितली होती. बहिणीलाही सांगितली होती. तात्यांना सांगितली नव्हती. विषाची गोष्ट मात्र तात्यांना सांगितली, आणि त्यावर आम्ही सगळे खूप हसलो. तात्यासुद्धा हसले. "वहिनी, आता चहा तुम्हीच करून देत जा," म्हणाले.

म्हणजे बघा, एकाच रात्री एकाच माणसानं केलेली दोन विधानं. एक आम्ही विनोद म्हणून गावभर वाटलं आणि दुसरं पुरून टाकलं. दोन्हींच्या वेळी ऑक्सिजन तेवढाच होता. दुसरं जर खरंच निव्वळ बरळणं होतं, तर तेही वाटायला काय हरकत होती? पुरायचं कशाला?

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. मध्यरात्री सर्व्हर पडला की त्याच्या शेवटच्या काही सेकंदांचे लॉग आम्ही बघतो. त्यात निम्मा कचरा असतो: अर्धवट ओळी, चुकीच्या वेळा, एकाच गोष्टीची दहा वेळा तक्रार. पण सर्व्हर मरत होता म्हणून लॉग फेकून देणारा माणूस आमच्या टीममध्ये टिकणार नाही. एकेक ओळ घ्यायची आणि दुसरीकडं तपासायची. चहातल्या विषाची ओळ तपासता येत होती. तात्या दवाखान्यात आलेच नव्हते, त्यांना स्वतःला ताप होता, आणि अण्णांनी पाच दिवसांत चहा घेतलाच नव्हता. ओळ खोटी. सहीची ओळही तपासता येत होती. ती मी तपासली नाही. मी बोलणाऱ्याची शुद्ध तपासली, ती नाही म्हटल्यावर बोलण्यातला मजकूर तपासायचं काम संपलं, असं मानून घेतलं. ऑफिसमध्ये हे कुणी केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

अतिदक्षता विभागात डेलिरियम आहे की नाही हे बघायला डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यातला एक असा, की दगड पाण्यावर तरंगतो का? आमच्यासारख्या वारकरी घरात हा प्रश्न धोक्याचा आहे. रामाच्या नावाचे दगड तरंगले आणि देहूला तुकोबांची गाथाही तरंगली, असं पूर्ण शुद्धीत सांगणारी माणसं आमच्या गावात ढिगानं आहेत. दुसरा प्रश्न, समुद्रात मासे असतात का? यांची उत्तरं चुकली तर विचारांची घडी विस्कटली आहे असं समजतात. चाचणी चांगली आहे, जगभर वापरतात. पण ती एवढंच सांगते की या माणसाचं मन आत्ता नीट चालत नाहीये. तो जे म्हणतोय ते खरं की खोटं, हे ती सांगत नाही आणि सांगायचा दावाही करत नाही. तो दावा आम्ही घरच्यांनी तिच्या नावावर खपवला.

०००

कायदा या बाबतीत जास्त सावध आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सुदृढ मनाच्या व्याख्येखाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यात तापानं भ्रमात गेलेला माणूस अगदी शब्दशः आहे: भ्रम असेतोवर त्याला करार करता येत नाही. मृत्युपत्राचंही तसंच, आजारानं आपण काय करतोय हे कळत नसेल तर ते करता येत नाही. म्हणजे अण्णांनी त्या रात्री विहिरीकडचं रान कागदावर आत्याला लिहून दिलं असतं, तर तो कागद टिकला नसता. टिकू नयेच. नाहीतर प्रत्येक वॉर्डाबाहेर स्टॅम्पपेपर घेतलेले भाऊबंद उभे राहिले असते.

पण हाच कायदा मरणाऱ्याचं बोलणं वेगळ्या तऱ्हेनं तोलतो. मृत्युपूर्व जबानीत माणूस भानावर होता का हे बघावंच लागतं, मात्र तसं डॉक्टरचं प्रमाणपत्र नसलं म्हणून जबानी आपोआप रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००२ मध्ये 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात म्हटलं. जबानी घेणाऱ्याला खात्री पटली पाहिजे. थोडक्यात, ऐकणाऱ्यानं कष्ट घ्यायचे. शुद्धीचा शिक्का दुसऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

मी वकील नाही, आणि अण्णा सुदैवानं वाचले, त्यामुळं हे कलम आम्हाला लागू नाही. पण ऐकणाऱ्यानं कष्ट घ्यायचे, हे मला चिकटून बसलं. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी बसलो आणि आमच्या गटाचे जुने फेरफार ऑनलाइन शोधले. मग शिरूरला जाऊन दस्ताची नक्कल काढली.

दस्त २००३ चा आहे. हक्कसोडपत्र. आबा गेल्यावर वारस म्हणून आत्याचं नाव लागलं होतं, ते या कागदानं निघालं. तारीख बघितल्यावर मला तो दिवस आठवला. दिवाळी नुकतीच झाली होती, आत्या भाऊबीजेला आलेली होती. आम्ही सगळे जीपनं शिरूरला गेलो. मी सहा वर्षांचा. मला एसटी स्टँडजवळ बसवून उसाचा रस पाजला होता आणि मोठी माणसं कुठंतरी जाऊन आली. परत येताना आत्यानं मला मांडीवर घेतलं होतं. एवढंच.

दस्तात ठरलेली भाषा आहे. राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय, आणि अक्कलहुशारीनं लिहून दिलं. अक्कलहुशारीनं! हा शब्द मी दोन-तीनदा वाचला. म्हणजे दस्त करणाऱ्यानंही आत्याची शुद्ध नोंदवली होती. ती भानावर होती, ताप नव्हता, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव असणार. कायद्याच्या दृष्टीनं ते 'हो' चोख आहे.

आईला मी विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "त्यांना वारसनोंदीची सही म्हणून सांगितलं होतं. पण कळलं असंल की. बाईला काय कळत नाही का? नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं."

आईनं हे वाक्य आत्याबद्दल म्हटलं, पण आईचंही माहेर आहे आणि तिथंही एक हक्कसोडपत्र आहे. ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला जे खुपतं ते इथं आहे. अण्णा भ्रमात होते म्हणून त्यांचं 'द्या' आम्ही मानलं नाही. आत्या शुद्धीत होती म्हणून तिचं 'घ्या' आम्ही बावीस वर्षं मानत आलो. पण त्या दोघांपैकी त्या त्या घटकेला मनातलं बोलायला मोकळं कोण होतं? आत्याच्या डोक्यावर अख्ख्या माहेराचं ओझं होतं: भाऊबीज, पोरांची लग्नं, म्हातारपणी दोन दिवस येऊन राहायची जागा. अण्णांच्या डोक्यावर त्या रात्री काहीच नव्हतं. तात्या नव्हते, गाव नव्हतं, भाव नव्हता. रांजणगावची एमआयडीसी झाल्यापासून आमच्या पट्ट्यात जमिनीचे जे आकडे ऐकू येतात, तेही नव्हते. फक्त बाप होता समोर.

इथं मला स्वतःलाच अडवायला हवं, कारण हे फार गोड व्हायला लागलंय. भ्रमात माणूस खरं बोलतो, ही समजूत दारूत माणूस खरं बोलतो या समजुतीइतकीच कच्ची आहे. त्याच अण्णांनी त्याच रात्री सख्ख्या भावावर विषप्रयोगाचा आळ घेतला होता. आणि रानाच्या गोष्टीलाही दुसरं कारण असू शकतं. ऑगस्ट २०२० मध्ये मुलींच्या वडिलोपार्जित हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, विनीता शर्मा खटल्यातला. तेव्हा तात्यांनी घरच्या ग्रुपवर कुठलातरी अर्धवट फॉरवर्ड टाकला होता आणि आठवडाभर घरात त्याचीच चर्चा होती. आत्या दावा करेल काय, ही भीती त्यात होती. तेव्हा अण्णांच्या मेंदूनं त्या रात्री जे सामान उचललं ते अपराधाचं होतं की भीतीचं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ, जो स्वतः वैद्यकी शिकलेला होता, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी म्हणाला होता की माणूस 'तोच' राहतो तो आठवणीच्या धाग्यानं. ज्याची जाणीवच नाही, ती कृती त्याची कशी म्हणायची? त्या हिशेबानं त्या रात्रीचे अण्णा आणि पडवीतले अण्णा ही दोन माणसं आहेत. पुस्तकात हे ठीक आहे. पण आम्ही त्या रात्रीच्या अण्णांचं बिल भरलं ना? त्यांना शिव्या दिल्याबद्दल नर्सताईंची माफी पडवीतल्या अण्णांनी फोन करून मागितलीच ना? मी सांगितल्यावर ते ओशाळले होते. शिव्यांचं मी सांगितलं होतं. तेवढं सांगायला मला काही अडचण वाटली नव्हती.

०००

आत्याचं थोडं सांगतो. तिचं गाव दौंड तालुक्यात. न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं की पारगावजवळ भीमेवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांमुळं दौंडचं नाव रोज बातमीत यायला लागलं, तेव्हापासून त्या पुलावरची ये-जा थांबली. त्या वर्षी भाऊबीजही फोनवर झाली.

आणि तरी अण्णा दवाखान्यात असताना, रेमडेसिव्हिरसाठी आम्ही दारोदार फिरत होतो तेव्हा, आत्याचा मुलगा मोटरसायकलवरून आला आणि गेटबाहेरून माझ्या हातात एक पिशवी देऊन गेला. तिच्यात गुळाची एक ढेप होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले वीस हजार रुपये. गुळाची पट्टी नुकतीच आली होती, तिचे. ही बरोबर तिसऱ्या वाक्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट आहे. मी ते पैसे घेतले. नंतर आम्ही ते परत केले, अगदी लवकर. तो हिशेब सोपा होता.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत अतिदक्षता विभागात एक पद्धत आहे. पेशंट बेशुद्ध किंवा भ्रमात असतो तेव्हा नर्स आणि घरची माणसं त्याच्यासाठी एक डायरी लिहितात. आज पाऊस पडला, तुझी मुलगी आली होती, तू खूप घाबरला होतास, तू अमुक म्हणालास. माणूस बरा झाला की ती डायरी त्याच्या हातात देतात. आयुष्यातले जे दिवस त्याला आठवत नाहीत ते त्याचेच आहेत, म्हणून ते त्याला परत द्यायचे. हे वाचलं तेव्हा मी मोबाइलमध्ये बहिणीशी झालेलं एप्रिल २०२१ चं चॅट उघडून बघितलं. माझी डायरी तीच. 'अण्णा गुऱ्हाळावर पोचले'. हसणाऱ्या इमोजी. मग ऑक्सिजनचे आकडे. पहाटे ४.१० ला, 'अण्णा आत्याच्या जमिनीचं काहीतरी बोलतायत'. तिचं उत्तर, 'कुणाला सांगू नको'. माझा अंगठा.

वाक्य अण्णांचं होतं. ते खरं की खोटं, त्याचं पुढं काय करायचं, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. आणि त्यांच्यानंतर आत्याचा. मी मधल्यामध्ये ते ठेवून घेतलं होतं. एका अर्थानं मीही वाचून न दाखवता सही घेतली होती.

या मार्चमध्ये मी अण्णांना सांगितलं. ते आता पूर्वीसारखे नाहीत. नावं विसरतात, हिशेब करताना मध्येच थांबतात, पाटाच्या पाण्याची पाळी तात्यांना विचारतात. कोविडनं झालं की वयानं, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. त्यामुळं सांगावं की नाही याचाच मी खूप विचार केला. आता सांगून त्यांना त्रास होईल, असं आईचं म्हणणं होतं. पण आणखी दोन वर्षांनी सांगितलं, तर त्या वेळीही आम्ही म्हणू शकलो असतो की अण्णा आता भानावर नसतात. हे मला नको होतं.

संध्याकाळची वेळ होती. लाइट गेलेली. मी म्हणालो, "अण्णा, दवाखान्यात तुम्ही एकदा बोलला होतात. मला आबा समजून. आत्याला तिचा वाटा द्या म्हणत होतात."

मी एवढंच म्हणालो. बाकीचं, सहीचं, वाचून न दाखवल्याचं, मी घशातच ठेवलं.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तापात माणूस काय बी बोलतं."

मी हो म्हणालो.

ते उठले, चप्पल पायात सरकवली, ओट्याच्या कडेपर्यंत गेले आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "हिरीकडलं का?"